मंजुळाबाईंच्या मुंग्या आणि मी

विषय : अंगणातील जास्वंदीस झालेल्या रोगाबाबत.
संदर्भ : मंजुळाबाईंचा मुंग्यांना साखर घालण्याचा नेम.

उपरोक्त विषयी सादर करते, की मी ती जास्वंद. माझं मूळ केजच्या एका कचेरीच्या आवारातलं. मंजुळाबाई तिथं दाखल्यासाठी खेटे घालत. दाखला मिळेना, तेव्हा जाताना माझी फांदी मोडून घेऊन गेल्या. त्या कचेरीतून सगळेच रिकाम्या हाती परतत नाहीत, याचा तेवढा एक पुरावा म्हणजे मी.

त्यांनी मला अंगणात लावलं. मी रोज फुलायचे, फूल देव्हाऱ्यातल्या गणपतीला जायचं. मग त्यांचा मुलगा अजिनाथ याची जीप घाटात उलटली. तो शुद्धीवर येईना, तेव्हा बाई माझ्या बुडाशी बसून म्हणाल्या, "माझं लेकरू उठू दे. ह्याच जागी मुंग्यांना जन्मभर साखर घालीन."

अजिनाथ उठला. मुंग्या आल्या.

मागोमाग माझ्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे किडे आले. पानं चुरगळली, कळ्या गळू लागल्या, खालच्या पानांवर चिकट काजळी धरली. मग तपासणीला माणसं आली. माणसाला स्वतःच्या दुखण्याची जेवढी धास्ती, तेवढीच दुसऱ्याच्या दुखण्याची हौस.

शेजारच्या वनमालाबाई म्हणाल्या, "नजर हाय ही. लई फुलत होती ना!" त्यांनी मला काळी बाहुली बांधली. आठवड्यात बाहुलीवरही किडे चढले.

अजिनाथनं शेतातलं उरलेलं औषध फवारलं. पांढऱ्या किड्यांच्या अंगावर मेणाचं कवच असतं, ते बहुतेक वाचले. त्यांना खाणारे ठिपक्यांचे लाल भुंगेरे तेवढे मेले. निरपराध्यावर इतकी तत्पर कारवाई मी कचेरीतही पाहिली नव्हती.

"दसऱ्यापतुर सुधारली तर ठीक, न्हाईतर उपटून तिथं जीप लावतो," तो म्हणाला.

निदान केलं ते त्याच्या बायकोनं, रोहिणीनं. तिनं हातात काही घेतलं नाही, नुसती बघत बसली. मुंगी किड्याच्या पाठीवर मिशा फिरवते, किडा गोड थेंब सोडतो, मुंगी तो पिते. भुंगेरा आला की मुंग्या त्याला हुसकावतात.

"आत्या, हे पिठ्या ढेकूण हायेत," ती सासूला म्हणाली. "पण त्यांना सांभाळतात तुमच्या मुंग्या. आपणच साखर घालून राखणदार बसवलेत."

"मंग मुंग्यांना उपाशी मारू व्हय?"

"मारू नका. कुंपणाभाईर, कडुलिंबाखाली घाला साखर."

"जागा बोलले हाय मी, रोहिणे. माझं लेकरू ह्याच जागंवर मागितलंय."

अजिनाथ जीप पुसत होता. तो हसला. "आये, मी जिता हाय की! आता कावून भेती?"

"जिता हाय म्हणूनच भेते."

अजिनाथ पुन्हा जीप पुसू लागला.

मंगळवारी बाई गावाबाहेरच्या देवीला कौल लावायला गेल्या. जागा बदलायची परवानगी हवी होती. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना फूल चिकटवायचं. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. दोन्ही फुलं संध्याकाळपर्यंत चिकटून राहिली. पुढच्या मंगळवारीही तेच.

हल्ली सकाळी त्या आधी मुंग्यांना साखर घालतात. मग साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून माझी एकेक फांदी पुसतात. पुसण्याआधी हलकेच फुंकर मारतात, फडक्याखाली मुंगी सापडू नये म्हणून. दोन-चार दिवसांत पांढरे किडे पुन्हा दिसू लागतात. त्या पुन्हा पुसतात.

मला त्यांचा राग येत नाही. एवढ्या मायेनं मला कोणी आजवर हात लावला नव्हता. मात्र मायेनं ढेकूण जात नाहीत, हेही नमूद करणं भाग आहे. तरी माझी नम्र विनंती आहे, की निर्णय लवकर व्हावा. नवरात्र बसलं आहे. शेंड्याला एक कळी आहे, ती अजून गळलेली नाही.

जागा बदलण्याचा अर्ज देवीकडे प्रलंबित आहे.