न वाचता मारलेला शिक्का

मी शिक्का बोलतोय. माझ्यावर 'नापास' असं कोरलंय. शाई माझ्या पोटातच असते. दाबलं की झालं. ठाणे स्टेशनजवळच्या एका छोट्या दुकानात मी तयार झालो आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुदेश सरांच्या हाती आलो. तिथे पंपाचे पितळी भाग बनतात. ते तपासायचं काम सरांचं.

सर कामाला चोख, हे आधी सांगतो. चुकीचा माल त्यांनी कधी सोडला नाही. पण चूक कुठे आहे, हेही कधी कोणाला सांगितलं नाही.

ड्रिलिंग मशीनवर मालनताई होत्या, नऊ वर्षं. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या मालाच्या कार्डांवर मी सारखा उमटू लागलो, तोही सगळ्यांसमोर.

"सर, नेमकं कुठे चुकतंय?" त्यांनी एकदा विचारलं.

"नऊ वर्षं झाली ना? ते पण मीच सांगू?" म्हणत सरांनी मला पुन्हा दाबलं.

शेजारच्या मशीनवरचा दौलत हसला. ताईंनी विचारणं सोडलं. तेव्हा मला माझा रुबाब वाटायचा. आता सांगतानाही लाज वाटते.

एका शनिवारी मी सरांच्या खिशातच राहिलो आणि डोंबिवलीला त्यांच्या घरी पोचलो. त्यांच्या सातवीतल्या लेकीने, सान्वीने, वक्तृत्व स्पर्धेसाठी भाषण लिहिलेलं, चार पानं.

"बाबा, बघ ना कसं झालंय."

सरांना पहिल्याच ओळीत दोन चुका दिसल्या. पुढे न वाचता त्यांनी गंमत म्हणून मला काढलं आणि पानावर मारलं. सान्वीही हसली, थोडंसं. मग पानं गोळा करून आत गेली.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा खिशातून घरी आलेलो, तेव्हा तिची आई, प्राची, म्हणाली, "तिने स्पर्धेतून नाव काढून घेतलंय."

"अगं, मी गंमत केलेली."

"तिला काय माहीत? काय चुकलं ते तरी सांगायचंस."

सर अर्ध्या जेवणावरून उठले.

सोमवारी त्यांनी मालनताईंना टेबलापाशी बोलावलं. मी खिशातच होतो. त्यांनी एक भाग मोजून दाखवला. "भोक दर वेळी एकाच बाजूला सरकतंय, बघा."

"भाग धरून ठेवणारी जिग झिजलीय, सर. दोन महिने झाले."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायला आलेले. तुम्ही शिक्का मारत होता."

सरांनी हातातला भाग टेबलावर ठेवला. मग त्यांनी विचारलं, "माझं अजून काय चुकतं?"

ताईंनी विचार केला. "चुकलं तर सांगा, ते हवंच. पण बाजूला घेऊन सांगा. आणि आज दौलतसमोर म्हणा, चूक जिगची होती."

चहाच्या सुट्टीत सरांनी सगळ्यांसमोर ते सांगितलं. माफीही मागितली. त्यांचे कान लाल झालेले.

आता जिग नवी आहे. काय चुकलं ते सर कार्डावर पेन्सिलीने लिहितात. मी ड्रॉवरमध्ये पडून असतो, शाई वाळलीय. बरंच झालं.

परवा ताईंचा आवाज आला, "लेक दाखवते का आता काही?"

"अजून नाही," सर म्हणाले. "सॉरी म्हटलं तर म्हणाली, ठीक आहे बाबा. पण मी जवळ गेलो की वही मिटते."

मला एकदा तिच्यापर्यंत पोचता आलं असतं, तर एवढंच म्हटलं असतं: सान्वी, तुझं भाषण आम्ही वाचलंच नव्हतं.