अकरावं मिनिट

टेलिप्रिंटर थांबला तेव्हा कागदाचा ढीग शैलाच्या घोट्यापर्यंत आला होता. तिने शेवटच्या दोन ओळी वाचल्या. चुका : शून्य. वॉर्निंग : त्र्याऐंशी.

"शून्य!" केसरीनाथ साहेबांनी टेबलावर थाप मारली. "उद्या अकराला अधिकारी येतील, दहा मिनिटांची चाचणी बघतील, तू सही केलीस की आपण मोकळे."

"आणि या त्र्याऐंशी?"

"त्या बडबडीला कोण विचारतं? सात नंबरचा खटका वर कर. एकही छापली जाणार नाही. अधिकाऱ्यांच्या हातात स्वच्छ कागद पडला पाहिजे."

भिवंडीबाहेरच्या सबस्टेशनात हा कॉम्प्युटर येऊन चार महिने झाले होते. गावातल्या लूमना वीज नेणाऱ्या आठ लाइनी होत्या. प्रत्येकीवरचा भार दर सेकंदाला तपासायचा, आकडा बोर्डावर दाखवायचा आणि भार वाढला तर घंटा द्यायची, एवढंच त्याचं काम. त्याला मुळात चालतं ठेवणारा प्रोग्राम शैला आणि साहेब या दोघांनी लिहिला होता. कंपायलर तो यंत्राच्या आकड्यांत उतरवायचा. चूक सापडली तर हात टेकायचा. नुसती शंका आली तर ती छापून पुढे जायचा.

उद्या सही झाली की सोमवारपासून माणसाचा पहारा उठणार होता. कागदावर नाव शैलाचं असणार होतं.

"मी वाचते," ती म्हणाली आणि पेन्सिलीला टोक काढू लागली.

भिंतीवरच्या जुन्या मीटरांच्या काट्यांसमोर बसलेल्या चांगदेवला हसू आलं. तो अंजूरचा. वीस वर्षं या काट्यांवर नजर ठेवून होता. "वाच, बाय. मागं एक साहेब आल्ता. घंटा लय वाजते म्हून त्यानं तिच्यात चिंध्यांचा बोळा कोंबला. मंग ट्रान्सफॉर्मरचं तेल तापलं ते कोनाला कळलंच न्हाय. माज्या नाकाला कळलं."

"चांगदेव, तुमच्या नाकाची आणि माझ्या प्रोग्रामची तुलना करू नका," साहेब म्हणाले.

"करत न्हाय साहेब. नाक जुनं हाय."

शैलाने वाचायला सुरुवात केली. प्रत्येक वॉर्निंगपुढे ती कारण लिही, मगच खूण करी. बावन्न एकाच जातीच्या निघाल्या : मेमरीत खाना राखून ठेवला आहे, वापरलेला कुठेच नाही. तीस ठिकाणी पत्त्याच्या जागी साधा आकडा होता. लाइनींचे आकडे जिथून आत येतात त्या यंत्राच्या दारांशी बोलायचं तर तो तसा लिहावाच लागतो. तिने तिसांपैकी प्रत्येक पत्ता यंत्राच्या पुस्तकाशी ताडून पाहिला. सगळे बरोबर होते.

मग एकच उरली. "मोठ्या खान्यातली किंमत लहान खान्यात, कापली जाऊ शकते." ओळ घड्याळाची होती. विजेच्या लहरींवर चालणारं ते घड्याळ सेकंदाला पन्नास टिचक्या मोजायचं.

"साहेब, घड्याळ बदललंत?"

"गेल्या आठवड्यात. दोन खान्यांचं एक केलं, दोन्ही सांभाळणाऱ्या सूचनाही काढल्या. चाळीस शब्द, म्हणजे चाळीस खाने मेमरी वाचवली. का?"

"एका खान्यात बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंतच मावतं. त्याच्या पुढची टिचकी पडली की आकडा उणे होतो."

"अगं, तेव्हापासून रोज चालतंय ते."

"रोज दहा मिनिटं चालतंय. करारात दहा मिनिटं लिहिलीत म्हणून आपण दहाच चालवतो."

तिने चिठोऱ्यावर भागाकार केला, उत्तराभोवती चौकट काढली, कागदाची घडी घातली आणि चांगदेवच्या हातात दिली. "काका, मी सांगेपर्यंत उघडू नका."

"पैज लावतेस?" साहेबांच्या भुवया वर गेल्या. "ठीक. वीस मिनिटं चालवू. नाही अडलं तर खटका वर आणि मुकाट्याने सही."

"आणि अडलं तर?"

"तर तू म्हणशील ते."

यंत्र सुरू केलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बोर्डावरचे आकडे दर सेकंदाला हलू लागले. पाच मिनिटं झाली. साहेबांनी चहा मागवला. दहा झाली. "बघ," असं म्हणत त्यांनी बशी ओठाला लावली. शैला मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होती.

आकडे थांबले. बोर्डावरचा दिवा हिरवाच होता. घंटा नाही, काही नाही. बोर्ड अगदी शहाण्यासारखा दिसत होता.

साहेब बशी हातात धरून तसेच राहिले. "भार स्थिर असेल," ते हळूच म्हणाले.

"स्थिर कुटला? चहाची सुट्टी संपली, लूम चालू झाले," चांगदेवने मागे न बघता सांगितलं. "दोन नंबरच्या लाइनीचा काटा चढतोय. तुमच्या बोर्डावर न्हाय चढला?"

नव्हता चढला. यंत्र पुढच्या तपासणीची वेळ व्हायची वाट बघत होतं, आणि उणे झालेलं घड्याळ त्या वेळेपर्यंत कधीच पोचणार नव्हतं.

"उघडा काका."

चांगदेवने चिठोरं डोळ्यांपासून लांब धरलं. "दहा मिंटं, पंचावन सेकंद." त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग शैलाकडे. "काय गो बाय, पत्रिका बगतंस काय?"

"नाही काका. पन्नासने भागलं."

केसरीनाथ साहेबांनी बशी खाली ठेवली. चिठोरं मागून घेतलं, भागाकार स्वतः एकदा करून पाहिला. ओळ त्यांची होती, आणि ते भित्रे नव्हते. "माझं चुकलं," ते म्हणाले. "पण दोन खाने परत केले तर चाळीस शब्द आणायचे कुठून? मेमरी काठोकाठ भरलीय."

शैलाने पेन्सिलीच्या खुणांचा कागद पुढे सरकवला. "या बावन्न बडबड्या. न वापरलेले खाने काढून टाकले की बावन्न शब्द मोकळे होतात. चाळीस तुमच्या घड्याळाला, बारा शिल्लक."

साहेब मान मागे टाकून हसले, बऱ्याच दिवसांनी. "आणि तुझी अट?"

"उद्या चाचणी दहा मिनिटांची नको. अधिकारी जेवून येईपर्यंत चालू दे. आणि त्या तीस पत्त्यांपुढे प्रोग्राममध्येच लिहून ठेवू, हा आकडा मुद्दाम आहे म्हणून. मग कंपायलर गप्प बसेल. खटक्याशिवाय."

संध्याकाळी सहाच्या सुमाराला टेलिप्रिंटर पुन्हा खडखडला. या वेळी कागद वीतभरच निघाला. चुका : शून्य. वॉर्निंग : शून्य. सात नंबरचा खटका खाली होता, आणि साहेबांनी तो दोनदा हात लावून पाहिला.

शनिवारी अधिकाऱ्यांनी विचारलं, करारात दहा मिनिटं असताना दोन तास कशासाठी? साहेबांनी शैलाकडे बोट केलं. "बाईंना विचारा. सही त्यांची आहे."

एक वाजता आकडे हलत होते. चांगदेवने भिंतीवरचे काटे आणि बोर्ड ओळीने ताडून पाहिले आणि मान डोलावली. मग शैलाने पेनचं टोपण काढलं.