भस्माचं तेज

लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसंतीबाई बसली होती आणि महागावजवळचा सारा बंजारा तांडा भोवती लोटला होता. अस्थिसिद्ध महाराजांनी तिच्या दोन्ही टाचा धरून पाय उचलले. डावा पाय बोटभर आखूड!

"मागच्या जन्मी गाईला लाथ मारली हिनं, म्हणून हाड आखडलं!" महाराज गरजले. डोळे मिटून पुटपुटले आणि सगळ्यांच्या देखत आखूड पाय लांब झाला. टाचेला टाच भिडली. बायांनी हात जोडले, कुणी रडलं.

मग भस्माच्या पुड्या निघाल्या. "हाडात वज्र भरतं हे, माय. रोज पेलाभर दुधातून घे."

पेलाभर दूध! त्या घरात दूध यायचं ते चहापुरतं, आणि तोही चहा आधी पुरुषांना.

पण गुण आला, हे कबूल केलंच पाहिजे. वर्षानुवर्षं कंबरदुखीनं वाकलेली बसंतीबाई दोन दिवसांत उठून कामाला लागली. भूक वाढली. पुढे काही महिन्यांत चेहरा गोल झाला, गाल लाल झाले. "तेज आलं!" तांडा म्हणाला.

ते तेज पाहून एकच बाई घाबरली. डॉ. अर्पिता. बायांची हाडं ठिसूळ का होतात, यावर तिचं संशोधन चाललं होतं. टाचेचं हाड तपासायचं छोटं यंत्र घेऊन ती यवतमाळहून तांड्यात यायची. भस्म खाणाऱ्या बायांची, बसंतीबाईचीही, हाडं शेजारणींपेक्षा जास्त पोकळ निघत होती.

बसंतीबाईच्या लेकीकडून, बबिताकडून, तिनं एक पुडी तपासणीला घेतली. विचारलं, "आईची कंबर दुखायची तेव्हा दाखवलं नाही कुठे?"

"दाखवलं नं! दवाखान्यात म्हनले, वय झालं. घरात म्हनले, नाटकं करते. महाराजानं याडीच्या पाठीवरून हात तरी फिरवला."

ती बबिताच्या बापाकडे, नेमसिंगकडे वळली. "काका, काकूंना यवतमाळला आणा. मला भस्माचा संशय आहे."

"बायको चालून राह्यली, अन् दवाखान्यात कायले नेऊ?" नेमसिंग भडकला.

आठवडाही गेला नसेल. बसंतीबाई चुलीपुढून उठायला गेली आणि खुब्याचं हाड कटकन मोडलं. ती पडली म्हणून हाड मोडलं नाही. हाड मोडलं म्हणून ती पडली.

महाराजांकडे उत्तर तयार होतं. "त्या यंत्रानं हाडातलं सत्त्व ओढून घेतलं! श्रद्धा तुटली की हाड तुटतं."

एका बाईचा खुबा मोडतो आणि हा माणूस दोष तिच्याच श्रद्धेवर टाकतो! असल्या माणसाला आपण वाकून नमस्कार करतो.

बसंतीबाईवर यवतमाळला शस्त्रक्रिया झाली. तिथेच अर्पितानं नेमसिंगला पुडीच्या तपासणीचा निकाल सांगितला. तो म्हणाला, "चाला. त्या महाराजासमोर सांगा."

महाराजांच्या पुढच्या दरबारात नेमसिंग स्वतःच खुर्चीत जाऊन बसला. अर्पितानं त्याचे पाय उचलले. उजवा आखूड!

"माया पाय कवा आखूड होता? आताच चालत आलो नं मी!"

"आखूड नाहीच तो. पाय उचलताना मी तुम्हाला जरा तिरकं केलं. कंबर एका बाजूनं मागे गेली की त्या बाजूचा पाय आखूड दिसतो. आता ओढते." तिनं पाय ओढता ओढता कंबर सरळ केली. टाचेला टाच भिडली. "मंत्र म्हणायचा राहिलाच."

कुणीतरी हसलं. महाराज ओरडले, "पाखंडी बाई! मग दुखणं कसं गेलं?"

"तुमच्या भस्मात कुटलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या आहेत म्हणून! दुखणं दबतं, भूक लागते, तोंड सुजतं. त्या सुजेला तुम्ही तेज म्हणता. आणि आतून हाड पोखरत जातं."

आता कुणी हसलं नाही. एका म्हातारीनं कमरेची पुडी काढून भिरकावली.

"थांबा!" अर्पिता ओरडली. "रोज घेणाऱ्यांनी एकदम बंद करू नका, जिवावर बेतेल. सगळ्या दवाखान्यात या. हळूहळू कमी करू."

महाराज गाडीकडे सरकले, पण गाडीपुढे नेमसिंग उभा होता. "माई बायको आता वॉकरशिवाय उभी राहत नाही. पोलीस येईपर्यंत तू बी बस इथंच."

नेमसिंगनं फिर्याद दिली, महाराजांना अटक झाली. तरी आजही तांड्यातली एखादी बाई हळूच विचारते, "ते भस्म कुठं मिळंल?" कारण तिचं दुखणं खरं आहे. खोटा होता तो इलाज.

म्हणून सांगतो. बाई कंबर दुखते म्हणाली तर वय झालं म्हणून तिला गप्प करू नका, तपासायला न्या. तिच्या ताटात वरण आणि वाटीत दूध आधी वाढा. आणि पुडी देणाऱ्याला, मग तो भगव्यात असो की पांढऱ्या कोटात, तोंडावर विचारा: यात काय आहे? जो सांगत नाही, त्याचं औषध घेऊ नका.