परदेशी दिलेली तोटी

मी तोटी बोलतेय. लोक मला नळ म्हणतात, पण नळ म्हणजे ती सगळी लांबलचक पाइपलाइन. मी तिच्या टोकाला बसवलेली, पितळेची, वीतभरही नाही. माझं तोंड उघडलं की पाणी येतं, शब्द येत नाहीत. आज मात्र बोलल्यावाचून राहवत नाही, कारण जे पाहिलं ते गिळून गिळून मला मळमळायला लागलंय. गोडगोड ऐकायचं असेल त्याने दुसरीकडे जावं.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यातला. वितळलेलं पितळ वाळूच्या साच्यात ओतलं, थंड झाल्यावर कानशीने घासलं, आटे पाडले. शेवटी एका कामगाराने मला पाण्याच्या टबात बुडवून मागून हवा सोडली. एकही बुडबुडा आला नाही. "ही गळायची नाही," तो म्हणाला आणि त्याने मला खोक्यात टाकलं. त्या एका वाक्यावर मी पुढे बरेच दिवस फुगून होते.

हार्डवेअरच्या दुकानातून मला इंजिनीअरिंगच्या काही मुलांनी विकत घेतलं. परदेशातल्या एका गरीब वस्तीला पिण्याचं शुद्ध पाणी द्यायचं, हा त्यांचा कॉलेजचा प्रकल्प. सगळ्यांत पुढे पुढे करणाऱ्याला बाकीचे पुढारी म्हणत. एक फोटोवाला होता, त्याचा कॅमेरा गळ्यातून कधी उतरायचा नाही. आणि एक चष्मेवाली, जिचं बोलणं कुणी शेवटपर्यंत ऐकून घेत नसे. दुकानात माझे आटे बोटाने तपासून मला निवडलं ते तिनेच.

लेक परदेशी दिली की लोक कौतुक करतात, तसं माझंही झालं. प्रवास मात्र पुढाऱ्याच्या बॅगेत, मोज्यांच्या बोळ्यात. ते मोजे धुतलेले नव्हते. मला नाक नाही असं लोकांना वाटतं, मला तेव्हा तसं वाटलं नाही.

वस्ती एका उतारावर होती. वर डोंगरात झरा, खाली नदी. बायका नदीवरून पाणी भरत आणि त्याच नदीत वरच्या अंगाला जनावरं, धुणी आणि नको ते सगळं. मुलांनी झऱ्याचं पाणी पाइपने आणून गल्लीच्या तोंडाशी सिमेंटची टाकी बांधली. टाकीत वाळू आणि खडीचे थर. वरून पडलेलं पाणी वाळूतून गाळून खाली यायचं आणि माझ्यातून बाहेर पडायचं. कल्पना चांगली होती, हे मी आजही मान्य करते.

काम चालू असताना पुढारी झुडपामागे जाऊन आला, त्याने हात पँटला पुसले, मला उचललं आणि म्हणाला, "या लोकांना आधी हात धुवायला शिकवलं पाहिजे यार." त्याच हाताने त्याने मला टाकीला बसवलं. मला पहिली ओकारी तिथे आली.

माझ्यासमोरच्या दारात शिवणयंत्र घेऊन एक बाई बसायच्या. सगळी गल्ली त्यांना शिंपीणकाकू म्हणे. त्यांची लेक बाळंतपणाला आली होती आणि घरात नुकतीच नात झाली होती. काकूंचं आधीचं एक नातवंड नदीच्या पाण्याने गेलं होतं. म्हणून टाकी बांधताना त्या रोज मुलांना सावलीला स्टूल आणून देत, आणि बाळाला मांडीवर घेऊन माझ्याकडे बोट दाखवत. "हे बघ, हे तुझं पाणी." मुलांना तिथली भाषा येत नव्हती, एक दुभाषी सोबत असे. मला कुठलीच भाषा अडत नाही.

उद्घाटनाला माझ्या गळ्यात लाल रिबीन बांधली. पुढाऱ्याने मला उघडलं, लोकांनी ओंजळी धरल्या, फोटोवाल्याने सगळ्यांना दोनदा प्यायला लावलं, कारण पहिल्यांदा ऊन तोंडावर नव्हतं. पाणी खरंच स्वच्छ होतं. मुलं मात्र आपापल्या सीलबंद बाटल्यांतून पीत होती. तेव्हा मी म्हटलं, असेल बुवा, पाहुण्यांची पोटं नाजूक असतात.

चष्मेवाली म्हणत होती, "वरची वाळू अधूनमधून खरवडून धुवावी लागते. कुणाला तरी शिकवूया ना. आणि त्या वरच्या भोकाला जाळी राहिलीय."

"पुढच्या वेळी बघू," पुढारी म्हणाला. "आता भाषणं आहेत."

मग कुणी आत घाण टाकू नये म्हणून त्याने टाकीच्या झाकणाला भलंमोठं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि विमानात बसून घरी गेला. किल्ली खिशातच. एवढी हुशार पोरं, नकाशे काढले, गणितं केली, आणि साफ करायची वस्तू कुलूपबंद करून किल्ली समुद्रापार नेली.

काही दिवसांनी त्या बिनजाळीच्या भोकातून एक उंदीर आत पडला. तो बुडून मेला आणि वाळूवर कुजत राहिला. त्याच्यातून झिरपलेलं पाणी वाळूतून खाली माझ्या घशाशी येई. वाळू तरी किती गाळणार? मला आतून शेवाळी बुळबुळीत लेप चढला. धार बारीक झाली, वास यायला लागला. मी तोंड मिटून घेतलं असतं, पण तोटीला तोंड मिटता येत नाही, ते दुसऱ्याच्या हातात असतं.

गल्लीत बोलणं झालं. सायकलची पंक्चरं काढणारा म्हणाला, "कुलूप फोडतो की. एका घावाचं काम आहे."

किराणावाले आजोबा नको म्हणाले. "पाहुण्यांची वस्तू आहे. फोडली तर म्हणतील, यांना दिलेलं टिकवता येत नाही. मग खालच्या गल्लीला टाकी द्यायचे नाहीत."

दुभाष्याला त्या मुलांना फोन करायला सांगितलं. त्याने फोन केला आणि पलीकडच्याला म्हणाला, "छान चाललंय. सगळे तुमची आठवण काढतात." फोन ठेवून गल्लीला म्हणाला, "येणार आहेत म्हणाले." त्या माणसाच्या जिभेवर साखर होती, आणि तिचा मला उंदरापेक्षाही जास्त वीट आला.

शिंपीणकाकू तेच पाणी फडक्याने गाळत, माठात रात्रभर निवळू देत आणि नातीला पाजत. एवढ्या लांबून शिकलेली पोरं येऊन करून गेली, ते वाईट कसं असेल, हा त्यांचा हिशेब. बाळाला जुलाब सुरू झाले तेव्हा त्यांनी दोष दिला तो आपल्या माठाला. माझ्यासमोर बसून राखेने माठ घासघासून काढला, आणि पुन्हा माझ्याच पाण्याने भरला. बाळाचे डोळे खोल गेले. लेकीने तिला पाठीला बांधून दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, पोर वाचली. काकू मला हात लावून, देवाला शिवल्यावर लावतात तसा, तो कपाळाला लावत. मला लाज वाटावी असं मी काही केलं नव्हतं, तरी वाटली.

वर्षाने मुलं परत आली. सोबत त्यांचे सर. प्रकल्पाचा शेवटचा अहवाल आणि फोटो हवे होते.

काकूंनी लेकीच्या लग्नातले काचेचे पेले काढले. आदल्या दिवशीपासून निवळत ठेवलेलं पाणी त्यात भरलं, ताट माझ्यासमोर आणलं आणि एकेकाच्या हातात पेला दिला. घरी आलेल्याला आधी पाणी, बाकी सगळं मग. फोटोवाला म्हणाला, "पेले जरा वर धरा, हसा." सगळे हसले. मग काकू स्टुलं आणायला आत गेल्या.

"पिऊ नका हं कुणी," पुढारी हळूच म्हणाला. "परवा फ्लाइट आहे."

त्याने आपला पेला माझ्याखालच्या गटारात ओतला. फोटोवाल्याने ओतला. सरांनी दोन पावलं बाजूला जाऊन एका रोपाला घातला, म्हणजे निदान झाडाला पाणी दिल्याचं पुण्य. चष्मेवालीने पेला नाकाशी नेला आणि तशीच उभी राहिली. तिला तो पिताही येईना, ओतताही येईना.

काकू बाहेर आल्या. ताटात रिकामे पेले होते.

"फार गोड पाणी आहे," सर म्हणाले. दुभाष्याने ते सांगितलं. काकूंनी मान हलवली, आणि मग त्यांची नजर गटाराकडे गेली. मघाशी कोरडं असलेलं गटार वाहत होतं. रोपाखालची माती काळी झाली होती. दारादारांत उभ्या असलेल्या बायकाही बघत होत्या.

"बाळाला मी हेच पाजत होते," काकू म्हणाल्या.

दुभाषी हसून म्हणाला, "त्या म्हणतात, बाळसुद्धा हेच पाणी पितं."

"वा," फोटोवाला म्हणाला. "कॅमेऱ्याकडे बघून परत एकदा म्हणायला सांगा ना."

मी आयुष्यात पुष्कळ घाण गिळली आहे. मोज्यांचा वास, पँटला पुसलेले हात, कुजलेला उंदीर. पण फोटोवाल्याच्या त्या एका वाक्याइतकी किळस मला कशाचीच आली नाही. काकूंनी पेले उचलले, आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

"किल्ली कुठाय?" चष्मेवालीने विचारलं.

"असेल कुठल्यातरी जॅकेटमध्ये. घरी."

तिने पंक्चरवाल्याकडून हातोडा आणला आणि कुलूप फोडलं. झाकण उघडताच बाकीचे नाकाला रुमाल लावून मागे सरले. सर म्हणाले, "याचा फोटो नको." मग सगळे बाजारात वस्तू घ्यायला गेले. चष्मेवाली आणि पंक्चरवाला आत उतरले. उंदराचा सांगाडा काढला, वाळू उपसली, धुतली, परत भरली. भोकाला जाळी बसवली. माझा घसा तिने तारेच्या ब्रशने घासला, तेव्हा मला रडू फुटलं असतं तर बरं झालं असतं. निघायच्या दिवशी तिने पाणी तपासलं. शुद्ध होतं. ती गल्लीच्या मधोमध उभी राहिली, माझ्याखाली पेला धरला आणि सगळ्यांसमोर प्यायली. परत भरला, परत प्यायली.

लोकांनी बघितलं. कुणी पुढे आलं नाही.

"पोर भली आहे," किराणावाले आजोबा म्हणाले. "आपल्याला वाईट वाटू नये म्हणून प्यायली."

त्याला आता बराच काळ झाला. पंक्चरवाला शब्दाला पक्का, शिकवलं तशी वाळू अजून धुतो. माझ्यातून येणारं पाणी आज या वस्तीतलं सगळ्यांत स्वच्छ पाणी आहे. त्यात लोक चपला धुतात. पंक्चरवाला ट्यूब बुडवून भोकं शोधतो. कुणाची तरी बकरी येऊन पिऊन जाते, तिने तो दिवस पाहिलेला नाही. पिण्याचं पाणी बायका पुन्हा नदीवरून आणतात. मी सांगू शकत नाही, ओरडू शकत नाही, नुसती वाहू शकते. खालच्या गल्लीला टाकी मिळाली नाही ती नाहीच. मिळाली असती तरी तिचंही हेच झालं असतं.

जगाला पाणी पाजायला निघालेल्या हुशार मुलांनो, तुम्ही कुठूनही या, काहीही बांधा. फक्त ज्यांच्यासाठी बांधलं त्यांच्या ओट्यावर बसून, त्यांच्या पेल्यातून, त्यांच्यासारखं प्या. पिववत नसेल तर ते पाणी त्यांना देऊ नका. ओतून दिलेला एक घोट पुसायला माझं जन्मभराचं पाणी पुरत नाही.

काल शिंपीणकाकूंची नात एकटीच माझ्यापाशी आली. आता ती चालते. चवड्यांवर उभी राहून तिने मला कशीबशी फिरवली आणि दोन्ही हात खाली धरले. माझं सगळं पितळ एकवटून मी जपून धार सोडली, उडू नये, बोचू नये अशी. ओंजळ भरली. ती तोंडाशी नेणार, इतक्यात काकू यंत्रावरून उठून धावत आल्या. त्यांनी तिचे हात झटकले, फडक्याने कोरडे केले.

"ते प्यायचं नसतं, राणी. पाहुण्यांनीसुद्धा ओतून दिलं होतं ते."

त्यांनी मला बंद केलं आणि आतून नदीच्या पाण्याची वाटी आणली. पोरीने वाटी दोन्ही हातांनी धरली, गटागटा संपवली आणि आणखी मागितलं. काकूंनी आणखी दिलं.