कपाटाच्या पाठीची आठ भोकं

माझ्या हातच्या कपाटाचं दार लागलं की आत मुंगीसुद्धा शिरत नाही, हे मी नाही म्हणत, गिऱ्हाईकं म्हणतात. मी आपलं "काय म्हणालात?" असं विचारतो, म्हणजे दोनदा ऐकायला मिळतं. चाळीस वर्षं सुतारकाम करतोय. कपाटाची पाठ भिंतीकडे जाणार, कुणी बघणार नाही, तरी ती मी पुढच्या बाजूइतकीच गुळगुळीत करतो. त्यामुळे बायकोने अंडी उबवायचं कपाट मागितलं तेव्हा मी छाती फुगवून म्हटलं, "असं करून देतो की कोंबडीला लाज वाटेल."

मागण्याचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. तिच्या कोंबड्या पिसांपासून नखांपर्यंत काळ्याभोर. तिच्या आईने दिलेल्या दोन कोंबड्यांपासून वाढत आलेली ही पैदास. एका दुपारी कुत्र्यांनी कुंपण फाडलं आणि सगळा फडशा पाडला. उरली एक म्हातारी कोंबडी आणि एक कोंबडा. म्हातारी अंडी घालायची, पण खुडूक होऊन त्यांच्यावर बसायचं नावच घेईना. अंडी तरी आणखी किती दिवस घालेल, कुणी सांगावं?

"आईचं एवढंच उरलंय माझ्याकडे," बायको म्हणाली. एरवी ती काही मागायच्या आधी मला चार गोष्टी सुनावते. त्या दिवशी एकही सुनावली नाही, तेव्हाच मला कळलं की हे काम बिघडवून चालणार नाही.

आमची मुलगी लिफ्ट दुरुस्त करते. सगळी गल्ली तिला लिफ्टवाली म्हणते आणि तिलाही ते आवडतं. विजेचं काम तिचं, लाकूडकाम माझं, असं ठरलं. तापणारी तार, हवा फिरवायला पंखा, आणि साडेसदतीस अंशांवर उष्णता धरून ठेवणारा थर्मोस्टॅट तिने आणला. मग मागच्या प्लायवर पेन्सिलीने आठ गोल काढले, चार खाली, चार वर.

"बाबा, इथे भोकं पाडा. अंड्यातलं पिल्लू श्वास घेतं, त्याला ताजी हवा लागते. आमच्या लिफ्टलाही असतात."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लिफ्ट काय आणि माझं कपाट काय! ती कामावर गेली आणि मी काचकागद घेऊन ते आठही गोल घासून टाकले. उष्णता बाहेर जाईल, असं मी स्वतःला पटवलं. खरं सांगायचं तर माझ्या प्लायला भोकं पडलेली मला बघवणार नव्हती. संध्याकाळपर्यंत कपाट भिंतीला टेकलं होतं आणि आतल्या बाजूने पंख्यापुढे जाळीचा पत्रा बसला होता. पाठ कुठूनच दिसत नव्हती.

"भोकं पाडलीत ना?" तिने विचारलं.

"मिस्त्रीला शिकवू नकोस," मी म्हणालो. ती हसली आणि वायरी जोडायला बसली.

अकरा अंडी ठेवली. प्रत्येकावर एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. दिवसातून तीनदा दार उघडायचं आणि अंडी फिरवायची, फुली खाली गेली की गोल वर. सातव्या दिवशी अंड्याला टॉर्च लावला तर आत लाल शिरांचं जाळं! बायकोने माझा दंड असा धरला की वळ उठला. मी तर येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दार लावताना होणारा आवाज ऐकवत होतो. "ऐकलंत? फट म्हणून नाही!"

अठराव्या दिवशी मुलीने शेवटचं फिरवलं, पाण्याची ताटली भरली आणि बजावलं, "आता पिल्लं बाहेर येईपर्यंत कुणी दार उघडायचं नाही. आतली ओल जाते."

एकविसावा दिवस गेला. बावीस, तेवीस. काहीच नाही. शेवटी बायकोनेच दार उघडलं आणि एक अंडं फोडलं. आत पुरतं वाढलेलं काळं पिल्लू होतं, चोचीसकट, नखांसकट, मेलेलं. मग दुसरं. मग तिसरं. अकराही तिने स्वतःच फोडली.

मी बोललो. शेजारचा शिंपी दारात उभा होता, त्याच्या देखत बोललो. "तुझ्या वायरिंगमध्येच खोट असणार. कपाटात काही नाही, मी केलंय ते."

एरवी पोरगी माझ्या एका शब्दाला दोन देते. त्या दिवशी तिने गुपचूप थर्मोस्टॅट काढला आणि टेबलावर मांडून बसली. कामावरून आली की तेच. दोन थर्मामीटर लावायची, आकडे लिहायची, पुन्हा लावायची. सगळं बरोबर निघत होतं, तरी आईला म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असणार गं."

दोन दिवसांनी मी ते रिकामं कपाट पुसायला घेतलं. दार ओढलं तर ते नेहमीसारखं जरा चिकटून मग सुटलं, आणि आतून कोंदट वास आला. माझा हात तिथेच थांबला. अठरा दिवस हे दार रोज तीनदा उघडत होतं आणि पिल्लं जगली. मग दार बंद झालं आणि सगळी गेली. त्यांना मी कोंडून मारलं होतं.

हे तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दोन दिवस तोंड शिवून हिंडलो आणि घरात सगळ्यांवर विनाकारण खेकसलो.

तिकडे म्हाताऱ्या कोंबडीने पंधरा दिवसांत नऊ अंडी घातली होती आणि मग घालणं थांबवलं. थांबली ती थांबलीच. तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोने ती नऊ अंडी टोपलीत भुशावर ठेवली. "पलीकडच्या वस्तीतल्या कुणाची कोंबडी खुडूक आहे का बघते," म्हणाली.

"खरंच घेऊन जा, आई," मुलगी म्हणाली. "माझ्या भरवशावर ठेवू नकोस."

माझ्या मुलीने, जी बाराव्या मजल्यावर लटकून काम करते, तिने खाली मान घालून हे म्हणावं? मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"भोकं पाडली नव्हती," मी म्हणालो.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

"मागची. तू काढलेले गोल मी घासून टाकले. तुझ्या कामात काही खोट नाही. खोट माझी आहे."

"पण तुम्ही हो म्हणाला होतात!" मुलगी म्हणाली.

"हो नव्हतो म्हणालो. मिस्त्रीला शिकवू नकोस म्हणालो होतो."

"म्हणजे नाहीच की!" बायको कडाडली. "पोरीच्या घशाखाली घास उतरत नव्हता आणि तुम्ही ढिम्म बसून होतात? अहो, जनाची नाही तर मनाची तरी!"

मुलगी मात्र हळू आवाजात बोलली, आणि तेच जास्त लागलं. "बाबा, माझ्या लिफ्टमध्ये माणसं असतात. मला वाटलं, माझा हातच बिघडला. एकेक स्क्रू तीन-तीनदा तपासत होते मी."

मी आत जाऊन गिरमिट आणलं. लाकडाला भोक पाडायचं माझं हे हत्यार माझ्या वडिलांचं, त्याला मी आजवर कुणाला हात लावू दिलेला नाही. ते तिच्या हातात दिलं आणि कपाट भिंतीपासून ओढून पाठ तिच्याकडे केली.

"तू पाड. तुझी जागा तुला माहीत."

तिने पुन्हा आठ गोल काढले आणि गिरमिट फिरवायला लागली. माझ्या गुळगुळीत प्लायचा भुसा जमिनीवर पडत होता आणि मी बघत होतो. सातवं भोक जरा सरकलं. "बाबा, हे रेषेत नाही आलं," ती म्हणाली. मी तोंड उघडलं. बायकोने डोळे वटारले. मी तोंड मिटलं.

नऊ अंडी आत गेली. शेवटची होती, सगळ्यांना माहीत होतं. अठराव्या दिवशी दार बंद झालं आणि मी स्टूल घेऊन कपाटाच्या मागे बसलो. लोक हसले, हसू देत. विसाव्या दिवशी दुपारी त्या सातव्या भोकातून आवाज आला, इतका बारीक की आधी मला वाटलं पंखाच कुरकुरतोय. मग पुन्हा आला. मी धावत जाऊन बायकोला हाताला धरून ओढत आणलं.

नऊपैकी सात निघाली. सातही काळी कुळकुळीत. बायकोने एकेक तळहातावर घेऊन नखं बघितली, आणि मग मुलीच्या गळ्यात पडून अशी रडली की पिल्लंसुद्धा गप्प झाली.

आता लोक कपाट बघायला येतात. परवा एक जण तसंच कपाट करून द्या म्हणाला. मी कपाट ओढून त्याला आधी पाठ दाखवली.

"मिस्त्री, हे एक भोक वाकडं आलंय," तो म्हणाला. "माझ्या कपाटाला सरळ पाडा हं."

"तुमच्या कपाटाला भोकं कुठे पाडायची ते माझ्या मुलीला विचारा," मी म्हणालो. "सहाला कामावरून येते. बसा तोवर."