नळीतला अर्धा तास

जीभ माझीच लांब. गेल्या रविवारी जेवताना दादाला मीच फुशारकीनं सांगितलं होतं, की आमच्या प्रयोगशाळेत एका मुळीच्या अर्कानं नागाचं विष पार निकामी केलं. अर्धा तास लागतो, बस्स. दादाचं कामच साप पकडायचं, त्यानं लगेच कान टवकारले. मुळी कुठे मिळते, कशी वाटायची, खोदून खोदून विचारलं. मीही शहाणी, सांगत सुटले.

आज दुपारी वहिनीचा फोन आला. एका गोदामात साप पकडताना दादाला अंगठ्याला नाग चावला होता आणि तो तसाच घरी आला होता. वहिनीचा आवाज अगदी शांत. काळजी करू नकोस म्हणाली, अर्क पाजलाय, पंचवीस मिनिटं झाली, पाचच राहिलीत.



"वहिनी, अजिबात थांबू नकोस. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात ने."

"अगं, पण तूच म्हणालीस ना, अर्धा तास?"

म्हणाले होते. काय म्हणाले नव्हते, ते आता आठवलं. आमच्याकडे विष आणि अर्क आधी एका नळीत मिसळतात, अर्धा तास एकत्र ठेवतात आणि मगच तपासतात. दादाच्या अंगात विष आधी गेलं होतं. अर्क मागाहून, तोही पोटात. रोज सकाळी त्या नळ्या मी स्वतः भरते, आणि एवढी साधी गोष्ट सांगायची राहिली. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

मी पोचले तेव्हा त्याला रिक्षातून उतरवत होते. पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या, जीभ जड झाली होती. तरी मला बघून म्हणालाच, "तुझी मुळी... फार कडू आहे गं."

तेवढंच. डॉक्टरबाईंनी विषावरची लस सलाइनमधून सुरू केली, घशात नळी घालून श्वासाचं मशीन लावलं. एवढा उशीर का केला, म्हणून विचारलं. वहिनीनं भाबडेपणानं सांगून टाकलं, की हिच्या प्रयोगशाळेत तसंच करतात, म्हणून पूर्ण अर्धा तास थांबणार होतो. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मशीनकडे वळल्या. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

डोळे उघडत नसले तरी त्याला ऐकू येत असेल, असं त्या जाताना म्हणाल्या. मी त्याचा हात धरून कानाशी वाकले.

"दादा, चुकलं माझं. ऐकू येत असेल तर बोट हलव."

तेव्हा तीन वाजले होते. साडेतीन झाले. बोट हललं नाही.

वहिनी शेजारी येऊन बसली आणि मलाच विचारायला लागली, अजून किती वेळ लागेल गं? तिचा माझ्यावर अजून विश्वास होता. मला त्याचीच भीती वाटली.