कुंपणावरचा टोमॅटो

चूक माझीच. दोन्का, म्हणजे माझी बायको, दर ऑगस्टात सगळ्यात मोठा गुलाबी टोमॅटो निवडायची. बिया जुन्या वर्तमानपत्रावर पसरायची, कागदालाच चिकटून वाळल्या की घडी घालून कपाटावर ठेवायची. ती गेली त्या हिवाळ्यात मी तोच कागद घेऊन शेगडी पेटवली. तीस वर्षांचं बियाणं एका काडीत गेलं.

मग दोन उन्हाळे वाफे तसेच पडले. मी परसात फिरकतच नव्हतो. बाजारचे टोमॅटो आणायचो, तर नुसतं पाणी. उभ्या उभ्या पाव खायचा आणि आडवं व्हायचं. विजार ढिली व्हायला लागली.

यंदा मोडकी खुर्ची ठेवायला परसात गेलो, तर शेजारच्या वेलिकाच्या वाफ्यात तो दिसला. गुलाबी, बैलाच्या काळजाएवढा, देठापाशी हिरवा. असा टोमॅटो गावात फक्त दोन्काचा. मग हिच्याकडे आला कुठनं? तीन दिवस डोक्यात तेच. चौथ्या दिवशी गेलो तिच्या अंगणात.

“वेलिका, बी कुठनं आणलंस?”

“बाजारातनं.”

“कुठल्या बाजारातनं?”

“पोलिसात भरती झालास काय, स्तामेन? गप खा.”

तिनं एक कापून पुढं केला, वर मीठ आणि पांढरं चीज. पहिला घास घेतला आणि मी उपड्या बादलीवर बसलोच.

“हा दोन्काचा आहे.”

वेलिका लालबुंद झाली. “चोरला होता. पाच वर्षं झाली. चोरलेलं बी जोमानं येतं, तुला काय सांगायचं!”

“तिला कळलं नाही?”

“न कळायला काय झालं? पुढच्या वर्षी सगळ्यात चांगलं रोप तिनं कुंपणालगत लावलं. मी आले की पाठ करून उभी राहायची.”

आणि मला घरात असून पत्ता नाही!

“मग मला एक दे ना, बियांसाठी.”

“हातानं दिलं तर उगवेल का? अक्कल कुठं गेली तुझी? घरी जा. मी मिरच्या भाजायला आत चाललेय. कुंपणाकडं बघणार नाही.”

एकाहत्तर वर्षांचा मी, चढलो कुंपण. विजार टर्रकन फाटली.

“डावीकडचा घे, म्हाताऱ्या!” आतनं आवाज आला. “तो पिकलाय!”

आता बिया कपाटावर वाळतायत. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: स्तामेन, जाळू नकोस.